आडव्या सायकलवरचे तहानलाडू-भूकलाडू

आडवी सायकल, म्हणजे रिकम्बंट, ही सीटवर रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. तिच्यावरच्या माझ्या पहिल्याच लांब फेरीत मी पाठीवर शिकरण केलं. साध्या सायकलची सवय, म्हणून जर्सीच्या मागच्या खिशांत दोन पिकलेली केळी टाकली, सीटवर रेललो आणि पुण्याहून निघालो. शिरवळच्या अलीकडे भूक लागली. हात मागे नेला, तर तो जाणार कुठे? पाठ आणि सीट यांच्यात बोट शिरायला जागा नव्हती. टपरीपाशी थांबून उठलो तेव्हा चहावाल्याने विचारलं, "दादा, पाठीला काय लागलंय?" सालं फुटून केळी जर्सीतून सीटच्या फोमात मुरली होती. पुढचा सगळा रस्ता माश्या सोबतीला.

रिकम्बंट नव्याने घेतलेले लोक मला हमखास विचारतात की कुठली बॅग घेऊ. मी सांगतो, इतक्यात कुठलीच नको. आधी हात बघा. रेललेल्या अवस्थेत, पाठ न उचलता, न बघता तुमचा हात कुठवर जातो यावर सगळं ठरतं. बॅग त्याच्यानंतर.

साध्या सायकलवर आपण पुढे झुकलेले असतो. पाठ मोकळी, बाटली दोन पायांच्या मधे, जरा वाकलं की हातात. रिकम्बंटवर हे सगळं उलटं होतं. पाठ बंद आणि पोट आभाळाकडे. पेडल पुढच्या दांड्याच्या टोकाला असतात, त्या दांड्यावर बाटलीचा पिंजरा लावला तर बाटली दिसते छान, पण तिच्यापर्यंत हात पोचत नाही. पेडलवर उभं राहून खिसा चाचपायचीही सोय नाही. पँटच्या खिशाचं तर नावच काढू नका. मांड्या वर-खाली होताना त्यातली नाणी एकेक करून रस्त्यावर सांडतात.

दुकानात जाऊन तयार बॅग आणावी म्हटलं तर ती आपल्याकडे सहसा मिळत नाही, आणि त्यालाही एक कारण आहे. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे यूसीआयने, शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की आडव्या सायकली बाहेर फेकल्या गेल्या. शर्यतीत नाही म्हणून दुकानात नाही, आणि दुकानात नाही म्हणून तिच्या मापाच्या बॅगाही नाहीत. नेदरलँड्सची रॅडिकल डिझाइन किंवा कॅनडाची आर्केल अशा मोजक्या कंपन्या खास रिकम्बंटसाठी बॅगा बनवतात. त्या सुरेख असतात, पण मागवायच्या म्हणजे वाहतूक आणि सीमाशुल्क धरून बॅगेच्या किमतीत चांगली साधी सायकल येईल. म्हणून मी इथे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं गल्लीतल्या बॅग रिपेअरवाल्याकडून शिवून घेण्यासारखं आहे.

माझी सायकल दोन चाकांची, आखूड, हँडल छातीसमोर असलेली, आणि सीट कडक फायबरची. तुमचं हँडल सीटखाली असेल किंवा सायकल तीनचाकी असेल तर काही गोष्टी बदलतील. ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

पायरी पहिली : भिंतीला टेकून बसा

सायकल भिंतीला टेकवा. ब्रेकची मूठ दाबून तिच्यावर जाड रबरबँड चढवा, म्हणजे चाक सरकणार नाही. सीटवर नेहमीसारखे रेलून बसा, हेल्मेट आणि हातमोजे घालून, कारण हातमोज्यांनी बोटांचा अंदाज बदलतो. आता डोळे मिटा आणि एक हात हँडलवर ठेवून दुसऱ्याने चाचपा. छाती-पोट, सीटच्या दोन्ही कडा, खांद्यामागे डोक्याच्या बाजूला, हँडलचा मधला दांडा. घरातल्या कुणाला तरी रंगीत चिकटपट्टीचे तुकडे घेऊन शेजारी उभं करा. जिथे हात सहज पोचला तिथे तुकडा लावायचा. हात बदलून पुन्हा तेच. आमच्याकडे हे काम मुलीने केलं आणि एक तुकडा माझ्या नाकालाही लावला.

एवढं झालं की सामानाचे तीन वाटे आपोआप पडतात. चालत्या सायकलवर न बघता मिळायला हवं ते हाताशी. पाय टेकून थांबल्यावर, सीटवरून न उठता मिळालं तरी चालेल ते कुशीशी. उतरल्याशिवाय लागणारच नाही ते पाठीशी. मी नवीन असताना माझी सगळी चूक एवढीच होती की कुशीशी ठेवायचं सामान मी हाताशी ठेवत होतो आणि हाताशी हवं ते पाठीशी.

पायरी दुसरी : पाणी

पाणी आधी लावून घ्या, कारण त्याची जागा ठरली की बाकीच्या बॅगा तिच्याभोवती बसतात. रिकम्बंटवर बाटलीपेक्षा नळीवाली पाण्याची पिशवी कितीतरी सोयीची. ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात दीड, दोन आणि तीन लिटरच्या मिळतात. तीन लिटरची मोह पाडते, पण दोनची घ्या. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात जातं, म्हणजे दोन लिटर तीनेक तास पुरतं, आणि आपल्या रस्त्यांवर तीन तासांत पाणी मिळत नाही असं फारसं होत नाही. शिवाय एक साधी लिटरची बाटली पाठीशी राखीव असतेच.

पिशवी सीटच्या मागे, उभी टांगायची. सीटमागच्या बॅगेत आतल्या बाजूला एक हूक असावा. नुसती टाकून दिली तर पाणी कमी होईल तशी ती खाली गोळा होते आणि नळी दुमडते. मग तुम्ही गाल आत जाईपर्यंत ओढत बसता आणि वाटतं पाणी संपलं. नळी खांद्यावरून पुढे घ्या, उजवा-डावा तुमच्या सवयीने. एक मोजमाप मात्र सायकलवर बसूनच करा : नळीचं टोक मान न उचलता तोंडात यायला हवं, आणि सोडलं तर ते पोटाच्या खाली जाता कामा नये. जास्त लोंबलं तर वळताना हँडलात अडकतं.

टोक जागच्या जागी ठेवण्याची सगळ्यात स्वस्त युक्ती पुण्यातल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात आधीच असते. ऑफिसच्या ओळखपत्राची ती ओढली की लांबणारी आणि सोडली की मागे जाणारी रीळ. तिचा चिमटा जर्सीच्या गळ्याला, दोरी नळीच्या टोकाला. पाणी प्यायचं, तोंड उघडायचं, नळी आपोआप जागेवर.

एप्रिल-मे महिन्यात नळीतलं पाणी चहासारखं तापतं. प्यायल्यावर नळीत हलकी फुंकर मारून पाणी मागे पिशवीत ढकलून द्यायची सवय लावा, म्हणजे पुढचा पहिला घोट पोळत नाही. पिशवी खांद्याच्या उंचीवर असल्यामुळे आणखी एक भानगड होते. टोकाची चावायची झडप जुनी झाली असेल तर पाणी नुसतं गळत राहतं आणि शर्ट भिजेपर्यंत कळत नाही. बंद करायची खिट्टी असलेलीच झडप घ्या.

पिशवीत फक्त साधं पाणी. सरबत, ओआरएस, कोकम, जे काय असेल ते बाटलीत. साखरेचं पाणी नळीत राहिलं की दोन दिवसांत आत काळे ठिपके येतात आणि ते घासून काढायला तेवढा बारीक ब्रश घरात नसतो. ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात घाला. मोठं पाकीट एका लिटरचं असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतून 'कडक' करण्यात काही शहाणपणा नाही.

पायरी तिसरी : पोटावरची पिशवी

आता मुख्य गोष्ट. एसटीचा कंडक्टर आठवा. गच्च भरलेल्या गाडीत, एका हाताने दांडा धरून, न बघता दुसऱ्या हाताने सुटे काढतो. त्याची ती चामडी पिशवी म्हणजे रिकम्बंटवाल्यांनी हेवा करावा अशी वस्तू आहे. उघडी ठेवली तरी काही सांडत नाही, प्रत्येक कप्प्यात काय आहे ते बोटांना पाठ.

मी आमच्या बॅग रिपेअरवाल्या चाचांकडे गेलो आणि काय हवंय ते सांगितलं. त्यांनी मला नीट बघून घेतलं.

"पोटावर बांधायची? आणि तुम्ही झोपणार?"

"झोपणार म्हणजे रेलणार, चाचा. सायकलवर."

"मग तोंड आभाळाकडे नको, साहेब. छातीकडे तोंड द्या. झोपल्यावर वरची बाजू छातीकडेच येणार ना?"

अगदी बरोबर. मी कागदावर काढून नेलेलं चित्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि स्वतःच गादीच्या ढिगाऱ्यावर रेलून दाखवलं. झाकण पोटाकडून छातीकडे येऊन बंद होतं, त्यामुळे सायकल उताराला लागली तरी आतलं बाहेर येत नाही.

मापं सांगतो : रुंदी २२ सेंटिमीटर, उंची १२, खोली ६. कापड जाड पॅराशूटचं, आतून पातळ फोम. झाकणाला वेलक्रो, चेन नाही. (झिपलाही आपण चेनच म्हणतो. या लेखात चेन म्हणजे झिप आणि साखळी म्हणजे सायकलची साखळी, नाहीतर पुढे गोंधळ होईल.) एका हाताने चेन उघडायची तर दुसऱ्या हाताने कापड ताणून धरावं लागतं, आणि तो दुसरा हात हँडलवर असतो. तयार कमरपाउच वापरणार असाल आणि त्याला चेनच असेल, तर तिच्या पकडीला नाडीचा चांगला बोटभर मोठा फास बांधा आणि चेनचं दुसरं टोक पिशवीच्या अंगाला पक्कं शिवून घ्या.

आत दोन कप्पे. एकात खाणं, दुसऱ्यात कचरा. कचऱ्याचा कप्पा चैन म्हणून नाही. तो नसेल तर चिकट कागद परत खाण्यातच जातो, आणि तासाभराने तुम्ही दोनदा तोच रिकामा कागद बाहेर काढता. बाहेरून एक चपटा खिसा : पैसे, ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करत असाल तर प्लॅस्टिकच्या पाकिटात ब्रेव्हेचं कार्ड, आणि घेत असाल ती औषधं.

बांधायची जागा नेमकी हवी. बेंबीवर बांधली तर प्रत्येक पेडलला मांडी तिला धक्का मारते, कारण रिकम्बंटवर गुडघे चांगलेच वर येतात. बरगड्यांच्या खालच्या कडेला, म्हणजे पोट आणि छातीच्या सांध्यावर बांधा. पट्ट्यात मागे हातभर इलॅस्टिक घालून घ्या, नाहीतर चढावर श्वास घेताना जीव घुसमटतो. बक्कल पाठीवर नको, कुशीवर घ्या. कडक सीटवर बक्कल मणक्याखाली आलं तर दहा किलोमीटरांत त्याची जागा कळते.

सीटखाली हँडल असलेल्यांचे हात कुल्ल्यांच्या बाजूला लोंबत असतात. त्यांना पोटापेक्षा सीटच्या कडेला शिवलेला खिसा जास्त जवळ पडतो. तीनचाकीवाल्यांचं काय विचारता, ते तर एका हाताने डबा धरून जेवूही शकतात.

रात्री चमकणारं जॅकेट घालाल ते या पिशवीच्या खालून घाला, वरून नाही. वरून घातलं की झाकण उघडत नाही आणि चमकणारी पट्टी पोटाशी गोळा होते.

त्यात काय भरायचं

रेललेल्या माणसाला ठसका फार पटकन लागतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. राजगिऱ्याचा लाडू म्हणजे प्रवासाचा राजा असं मी समजत होतो. पहिला घास घेतला, खड्डा आला, आणि ते हलके सुटे दाणे थेट घशात गेले. डोळ्यांतून पाणी, एक हात हँडलवर, मागे ट्रक. तेव्हापासून सुटं, कोरडं, भुगा होणारं काहीही चालत्या सायकलवर खायचं नाही हा माझा नियम. राजगिरा, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, शेव, कोरडी बिस्किटं, सगळं थांबल्यावर. चालताना ओलसर, मऊ, एका घासात मावणारं. घास तोंडात असताना हनुवटी छातीकडे घ्या, गिळा, मग मान सीटला टेका. आणि दम लागलेला असताना मुळीच खाऊ नका. चढाच्या आधी खा.

काही गोष्टी जमल्या त्या अशा. बिया काढलेला खजूर, दोन-दोनच्या गोळ्या करून. सुकेळी, वसईकडची, बोटभर तुकडे करून. ताजं केळंही चालतं, पण आता पाठीऐवजी पोटावर, आणि एका वेळी एकच. दशमी हा तर शोध आहे. दुधात भिजवलेल्या कणकेची, किंचित गूळ घातलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तिला तूप लावून, घट्ट गुंडाळी करून, दोन बोटं रुंदीचे तुकडे कापा आणि प्रत्येक तुकडा बटर पेपरात असा गुंडाळा की वरचं टोक दातांनी सोडता येईल. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, दशमीचे असे शेंगोळ्यासारखे तुकडे करतात होय!" आता तीच करून देते, आणि मोजून देते.

चिक्कीबद्दल सावध राहा. पोटावरच्या पिशवीला सूर्य थेट दिसतो. साध्या सायकलवर खिसे तुमच्या पाठीवर असले तरी वारा लागतो. इथे मात्र तुम्ही ताटासारखे उन्हात मांडलेले असता. गुळाची चिक्की अकरा वाजेपर्यंत पाघळते आणि कागदासकट एक वीट होते. चॉकलेटचं तर सूप. थंडीत चिक्की उत्तम, फेब्रुवारीनंतर नको.

खारट काहीतरी हवंच. दिवसभर गोड खाऊन तिसऱ्या प्रहरी तोंड असं मिटतं की खजूर बघवत नाही. मी धपाट्याचे तुकडे ठेवतो, दही घालून केलेल्या. ते कोरडे पडत नाहीत. लोणच्याची फोड मात्र डबीत घालून पाठीशी.

किती घ्यायचं याचा साधा हिशोब : लांब फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, आणि एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे दर अर्ध्या तासाला एका केळ्याइतकं काहीतरी पोटात जायला हवं. पोटावरच्या पिशवीत तीन तासांचं भरा, बाकीचं कुशीशी, आणि पाण्याला थांबाल तेव्हा वरती काढून घ्या. सगळं पोटावरच कोंबलं तर पिशवी फुगते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. मी हे करून बघितलं आहे.

पायरी चौथी : कुशीच्या पिशव्या

सीटच्या खाली-मागे दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लांबट पिशव्यांना बनाना बॅग म्हणतात. आकारामुळे म्हणतात. केळी ठेवण्यासाठी नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. दोन्ही पिशव्या दोन-तीन रुंद पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, पट्टे सीटवर आडवे टाकायचे आणि त्यावर आपण बसायचं. आपल्याच वजनाने त्या जागी राहतात. कॅरिअर लागत नाही, काढायला दहा सेकंद, आणि वजन दोन चाकांच्या मधे, खाली. नवख्याने पहिली मोठी पिशवी घ्यायची तर हीच.

शिवून घेणार असाल तर एक पट्टा जास्तीचा सांगा. प्रत्येक पिशवीच्या पुढच्या टोकापासून फ्रेमपर्यंत. तो नसला की ब्रेक मारल्यावर पिशव्या झोपाळ्यासारख्या पुढे जातात आणि मागे येतात.

आता डावं-उजवं. साखळी उजवीकडे असते आणि सीटखालून लांबच लांब जाते. त्यामुळे उजवी पिशवी काळी होणार, तिचे लोंबते पट्टे साखळीत जाणार. उजवीकडे एकही मोकळं टोक ठेवू नका, सगळी टोकं गुंडाळून शिवा किंवा काळ्या चिकटपट्टीने बांधा. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो. डावीकडची पिशवी मातीच्या बाजूला येते, उजवीकडची वाहनांच्या. म्हणून वाटेत थांबून लागणारं सगळं डावीकडे : ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, ॲलन की, राखीव खाणं, विंडचीटर. उजवीकडे रात्रीचे कपडे, चार्जर, क्वचित लागणाऱ्या वस्तू. वजन दोन्हीकडे सारखं करा. स्वयंपाकघरातला काटा वापरा, हाताचा अंदाज अर्ध्या किलोने चुकतो, आणि तेवढा फरक हळू चालताना जाणवतो.

सीटमागच्या बॅगेत हलकं आणि फुगीर. पाणी तिथे आहेच, आणखी जड काही नको. एकदा मी कुलूप, पॉवर बँक आणि दोन लिटर जास्तीचं पाणी सगळं मागे टांगून वाईहून पसरणीचा घाट चढायला घेतला. पहिल्या तीव्र वळणावर पुढचं चाक हलकं झालं आणि हँडल हवेत फिरवल्यासारखं वाटायला लागलं. आखूड रिकम्बंटवर चढाला वजन आणखी मागे सरकतं, आणि आपण साध्या सायकलसारखे पुढे झुकून ते भरून काढू शकत नाही. पाचगणीपर्यंत मी बरंचसं ढकलत गेलो. खाली उतरून बघितलेला घाटही छान असतो, एवढं म्हणून मनाची समजूत घातली.

लांबच्या सफरींसाठी सीटखाली कॅरिअर बसवून त्यावर साध्या पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या, बॅगा लावण्याची सोय काही सायकलींना असते. जर्मनीच्या एचपी वेलोटेक्निकच्या स्ट्रीट मशीनला ती आहे. तुमच्या फ्रेमला तशी भोकं असतील तर भाग्यवान आहात. पण पहिल्या सहा महिन्यांत तेवढं सामान लागत नाही.

पायरी पाचवी : घासतंय का बघा

सगळं भरून, रिकामं नव्हे, पुन्हा भिंतीला टेकून बसा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. पुढचं चाक आणि पिशवी यांच्यात चार बोटांचं अंतर हवं. पेडल उलटे फिरवून टाचा कशाला लागत नाहीत ना ते पाहा. मागे शॉकॲब्सॉर्बर असेल तर कुणाला तरी सीटवर दाबायला लावा, कारण मागचं चाक वर येऊन बॅगेच्या तळाला भोक पाडतं आणि ते तुम्हाला वाटेत पंप हरवल्यावरच कळतं. मागचा दिवा बॅगेने झाकला नाही ना, हे वीस पावलं मागे जाऊन बघा. रिकम्बंट मुळात बुटकी, तिचा एकुलता दिवा झाकून कसं चालेल? दिवा बॅगेला लटकवू नका, ती हलते आणि दिवा आभाळ दाखवतो. फ्रेमला किंवा सीटच्या सांगाड्याला घट्ट बसवा.

उंच काठीला झेंडा लावत असाल, आणि लावाच, तर काठीची खोबण सीटमागच्या बॅगेच्या कडेला शिवून घेता येते. माझा झेंडा केशरी आहे, कारण तो रंग लांबून दिसतो. आषाढात सासवडच्या रस्त्याला मला तीन ठिकाणी विचारलं, "माउली, कुठली दिंडी?" एका ठिकाणी केळीही दिली. ती मी उभं राहून खाल्ली.

मग मोकळ्या रस्त्यावर पाच किलोमीटरांची फेरी मारा, ज्यात किमान तीन गतिरोधक असतील. पांढऱ्या पट्ट्यांचे ते खडखडणारे गतिरोधक सगळ्यात कडक परीक्षक. पार केल्यावर थांबून मागे वळून बघा, काय पडलंय. याच फेरीत एका हाताने चालवत पिशवी उघडून रिकामी मूठ तोंडापाशी न्यायचा सराव करा. आधी रिकामी मूठ, मग खजूर. ज्या हातात जोरकस ब्रेक आहे तो हात हँडलवरच राहू दे. हळू वेगात रिकम्बंट एका हाताने डुगडुगते, ताशी पंधरा-अठरा किलोमीटरच्या पुढे बरीच शांत असते. त्यामुळे खायची वेळ म्हणजे सपाट रस्ता, बरा वेग आणि समोर काही नाही अशी. उतारावर नाही.

पावसाळा आणि वानरं

पावसात पुढचं चाक जो चिखल उडवतं तो सरळ कुशीच्या पिशव्यांवर येतो. मडगार्ड हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. बॅग वॉटरप्रूफ करायच्या नादी न लागता आतल्या वस्तू वेगवेगळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा. बॅग भिजू दे. तळाला दोन छोटी धातूची रिंग बसवलेली भोकं पाडून घ्या, नाहीतर आत तळं साचतं. पोटावरच्या पिशवीचं झाकण पावसात दोन बोटं जास्त लांब असतं तर बरं, असं दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी शिवून घ्यायचं राहतं.

घाटातल्या वानरांना रिकम्बंट फार आवडते. साध्या सायकलवरची बॅग त्यांना जरा उंच पडते. कुशीची पिशवी बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला असते, बुफे जेवणासारखी. मी दरीचा फोटो काढत होतो, सायकल कठड्याला टेकवलेली. एका वानराने जाळीच्या खिशातला खजूर काढला, पुडकं सोडलं, एकेक खाल्ला आणि कागद तिथेच टाकला. घाटात थांबायचं असेल तर कुशीच्या पिशव्यांना बक्कल लावा, बाहेरच्या जाळीच्या खिशात खायचं काही ठेवू नका, आणि पोटावरची पिशवी पोटावरच राहू द्या.

घरी आल्यावर अंघोळीच्या आधी दोन कामं. पाण्याची पिशवी रिकामी करून, आत लाकडी चमचा आडवा घालून, तोंड उघडं ठेवून उलटी टांगा. आणि पोटावरच्या पिशवीचा कचऱ्याचा कप्पा उलटा करून झटका. मी एकदा विसरलो होतो. चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग दाराखालून आत, पुस्तकांच्या कपाटाच्या कडेने वर, खुंटीवरच्या पिशवीपर्यंत गेलेली होती, आणि दशमीचा कागद त्यांनी आईपेक्षाही स्वच्छ करून ठेवला होता.